साडूंच्या हवेतलं तेल

अख्ख्या पिंपरी-चिंचवडात काहीतरी बिघडलं की आनंदाने उजळून निघणारा एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. इतरांच्या घरी मिक्सर बंद पडला की चेहरे उतरतात. साडूंच्या घरी मिक्सर बंद पडला की ते बनियनवर शर्ट चढवतात, चष्मा पुसतात आणि एखाद्या पाहुण्याची चौकशी करावी तसं, ‘काय लक्षणं आहेत?’ असं विचारत स्वयंपाकघरात शिरतात. चालू वस्तूत मात्र त्यांना काडीचा रस नाही. एकदा आमच्या दिवाणखान्यातला पंखा कुरकुरतोय असं मी फोनवर सहज बोलून गेलो, तर हे गृहस्थ भर दुपारी पिंपळे सौदागरहून चिंचवडला येऊन हजर झाले. पंख्याची कुरकुर तोवर आपोआप थांबली होती. त्यांनी अर्धा तास त्याच्याकडे टक लावून पाहिलं, चहा अर्धाच घेतला आणि निघताना मला बजावलं, ‘मास्तर, परत सुरू झाली की लगेच कळवा. आणि पंखा बंद करू नका, मला आवाज ऐकायचाय.’ मी शाळेत मराठी शिकवतो. पंख्याचा आवाज जपून ठेवायची जबाबदारी माझ्यावर यापूर्वी कोणी टाकली नव्हती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, मी तोंडावर ‘साडूभाऊ’ म्हणतो आणि पाठीमागे नुसतं ‘साडू’. त्यांची सगळी नोकरी महाळुंग्याला गेली, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटीच्या खात्यात. गेल्या वर्षी ते रिटायर झाले, म्हणजे कंपनीने त्यांना सोडलं, पण त्यांनी क्वालिटी सोडली नाही. जगातल्या कुठल्याही काट्यावर, मापावर आणि गेजवर त्यांचा विश्वास नाही. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याला ते विचारतात, ‘या गेजचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं?’ डॉक्टरांनी रक्तदाब घेतला तर त्यांनाही हेच विचारतात, त्यामुळे त्यांचा रक्तदाब नेहमी घाईघाईत घेतला जातो. स्वयंपाकघरात भिंतीवर कलथा, झारा आणि चिमटा यांची बाह्याकृती मार्करने काढून ठेवलेली आहे, जेणेकरून कोणती वस्तू जागेवर नाही ते लांबूनही दिसावं. माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती झारा मुद्दाम कलथ्याच्या जागी लावते. एवढाच काय तो तिचा बंडखोरपणा.

पण साडूंचं खरं हत्यार म्हणजे ‘व्हाय-व्हाय’. चाकण-पिंपरीच्या कंपन्यांत नोकरी केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. काही बिघडलं की एकदा ‘का’ विचारून थांबायचं नाही. मिळालेल्या उत्तरालाही ‘का’ विचारायचं, त्याच्या उत्तरालाही, असं पाच वेळा खणत गेलं की बिघाडाचं मूळ हाती लागतं. कंपनीत ही पद्धत फार गुणाची असेल. माझ्यासारख्या जेवायला बोलावलेल्या माणसावर ती वापरली की जीव नकोसा होतो. ‘मास्तर, उशीर का झाला?’ नाशिक फाट्याला ट्रॅफिक होतं. ‘ट्रॅफिक का होतं?’ ट्रक बंद पडला होता. ‘ट्रक का बंद पडला?’ आता हे मला कसं माहीत असणार? ‘उतरून विचारलं नाहीत?’ असं म्हणून साडू इतक्या खिन्नपणे ताटाकडे बघायला लागले की पुढच्या खेपेला बंद पडलेला ट्रक दिसल्यावर मी खरोखरच स्कूटर थांबवून ड्रायव्हरला विचारलं. त्याने मला जे सुनावलं ते साडूंना सांगण्यासारखं नव्हतं.

रिटायर होताच साडूंनी जुनी, पण धडधाकट अशी जीप घेतली. या जीपला मोठा इतिहास आहे आणि तो सगळा ताईच्या वाट्याचा आहे. लग्न झाल्यापासून ताईने नवऱ्याची सेकंड शिफ्ट पाहिली, ओव्हरटाइम पाहिला, ऑडिट आलं म्हणून गणपतीतही रद्द झालेल्या सुट्ट्या पाहिल्या. दर वेळी साडू एकच वाक्य म्हणायचे, ‘एकदा रिटायर झालो की गाडी काढायची आणि आपण दोघांनीच फिरायचं.’ ताई हे वाक्य खोटं मानत नव्हती, म्हणूनच ती वाट बघू शकली. जीप आली त्या रविवारी दोघं पवनेच्या बाजूला जाऊन आली. ताईला ऊन सोसत नाही, डोकं चढतं, पण गाडीला एसी होता. वाटेत कणसं घेतली, पाण्याच्या कडेला बसून खाल्ली, आणि संध्याकाळी ताईने माझ्या बायकोला फोन करून तासभर त्या गार हवेचं वर्णन केलं. एवढी खूश ताई मी कधी पाहिली नव्हती.

पुढच्या फेरीत जीप चिखलात रुतली आणि तिथेच घात झाला. मदतीला आलेल्या एका हौशी जीपवाल्याने साडूंना दोन गोष्टी सांगितल्या. एक, चिखलात जाताना टायरमधली हवा कमी करायची म्हणजे गाडी रुतत नाही, आणि डांबरी रस्त्याला लागल्यावर परत भरायची. दुसरी, ती भरायला पंप लागतो, आणि पंप तर प्रत्येक एसीच्या गाडीत असतोच. एसीचा कंप्रेसर करतो काय, तर गॅस दाबतो. गॅसच्या नळ्या काढून टाकायच्या आणि त्याला बाहेरची हवा प्यायला लावायची, की तो हवा दाबून देतो. साडूंचे डोळे लकाकले. पेट्रोल पंपावरच्या अविश्वासू गेजपासून कायमची सुटका. जिथे जाऊ तिथे स्वतःची, स्वतः तपासलेली हवा. त्या आठवड्यातच त्यांनी देहूरोडच्या शकीलभाईंना बोलावलं आणि जीपचा एसी कापला.

शकीलभाई म्हणजे गाड्यांच्या एसीतला जाणकार माणूस. हातात कसब भरपूर आणि तोंडात आत्मविश्वास त्याहून जास्त. त्यांनी नळ्या काढल्या, जोडण्या केल्या, टायरपर्यंत पोचेल असा लांब पाइप लावला, हवा ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाला साडूंनी धुळीसाठी स्वतःच्या हाताने जाड फडकं बांधलं आणि हवा आली. साडू धावत वर गेले आणि ताईला म्हणाले, ‘चल, बस. आता कुठेही अडकणार नाही.’ ताईने खिडकीतून खाली पाहिलं, सगळं समजून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, ‘माझी गार हवा तुम्ही टायरला दिलीत. आता टायरलाच घेऊन फिरा.’ त्यानंतर ती जीपमध्ये बसली नाही.

साडूंना हे फार लागलं. पण लागलेली गोष्ट मनात ठेवून बसणं त्यांना जमत नाही, त्यांना तिचं मूळ शोधावं लागतं. त्यांनी असा निष्कर्ष काढला की ताईचा पंपावर विश्वास बसलेला नाही. एकदा हवा चोख यायला लागली, एकदा ती स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, की ताई आपोआप येऊन पुढच्या सीटवर बसेल. आणि नेमकी हवा चोख येईना. हवेबरोबर तेल यायला लागलं.

हे कळलं पांढऱ्या रुमालामुळे. साडूंनी पाइपच्या तोंडाशी रुमाल धरला आणि त्यावर तेलाचा पिवळट ठिपका उमटला. या कंप्रेसरच्या पोटात त्याचं स्वतःचं तेल असतं, ते त्याने पोटातच ठेवायचं असतं. ते हवेवाटे बाहेर येऊ लागलं की टायरचं रबर खातं आणि पोटातलं संपलं की कंप्रेसर जाम होतो. हे सगळं मला साडूंनी इतक्या आनंदाने सांगितलं की क्षणभर मी त्यांचं अभिनंदनच करणार होतो. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमची बैठक सुरू झाली. साडू, शकीलभाई आणि रुमाल धरायला मी. माझ्या बायकोने दाजींना वाढदिवसाला दिलेले सगळे रुमाल त्यात कामी आले. जेवायला बसलो की साडू ते रुमाल ताटाशेजारी मांडून मला दाखवायचे, ‘हा गेल्या रविवारचा ठिपका, हा आजचा. बघा, कडा कशी पसरलीय.’ ताई न बोलता वाढायची आणि निघून जायची.

शकीलभाईंचं निदान पहिल्या दिवसापासून ठाम होतं. ‘साहेब, रिंगा गेल्यात. पिस्टनच्या बाजूने तेल वर चढतंय. दुसरं काय नाय.’

‘रिंगा का गेल्या?’ साडूंनी विचारलं.

‘धूळ गेली असेल आत.’

‘धूळ का गेली?’

‘साहेब, आपण चाकण-पिंपरीत राहतो,’ शकीलभाई म्हणाले. ‘धूळ का गेली म्हणून काय विचारता?’

साडूंना एवढं पुरेसं होतं. कंप्रेसर जिथून हवा आत ओढतो त्या तोंडाच्या फडक्यावर त्यांनी फोमची जाळी लावली. पुढच्या रविवारी ठिपका मोठा झाला. मग जाळीवर दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचा तुकडा आला. ठिपका आणखी वाढला. मग त्यावर त्यांच्या कंपनीच्या जुन्या युनिफॉर्मचं कापड, रबराने घट्ट बांधून. दुसऱ्या टोकाला, जिथून हवा बाहेर पडते तिथे, तेल अडवायला एक बाटली लावली, मग बाटलीमागे दुसरी बाटली. क्वालिटीच्या माणसाला एकच औषध माहीत असतं. तक्रार आली की अजून एक तपासणी लावायची. मधल्या काळात त्यांनी तेल कमी घालून पाहिलं, दाट तेल घालून पाहिलं, जीप हळू चालवून पाहिली, आणि प्रत्येक वेळी आमचा रुमाल आदल्या रुमालापेक्षा जास्त तेलकट निघाला. साडूंचा उत्साह मात्र ठिपक्याबरोबर वाढतच होता. ‘मास्तर, हा साधा बिघाड नाही,’ ते मला बाजूला घेऊन म्हणायचे, आणि त्यांच्या आवाजात अभिमान असायचा.

अशातच सोसायटीचा वर्धापनदिन आला. कमानीला फुगे फुगवायचे होते आणि फुगे फुगवायचं यंत्र आयत्या वेळी बंद पडलं. साडू पुढे झाले. जीपच्या हवेने त्यांनी बघता बघता सगळे फुगे फुगवून दिले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी ऊन चढलं, भाषण सुरू झालं आणि कमानीतले फुगे एकेक करून फुटायला लागले. प्रत्येक फुग्यातून बारीक तेलाचा शिडकावा. अध्यक्षांचा पांढरा कुर्ता, पहिल्या रांगेतल्या बायकांच्या साड्या, ठेवलेले पेढे, सगळ्यावर सारखंच. सगळी सोसायटी साडूंकडे वळून बघत होती आणि साडू वाकून अध्यक्षांच्या खांद्यावरचे ठिपके बघत होते. ‘सगळे ठिपके एका आकाराचे आहेत,’ ते मला कुजबुजत म्हणाले. ‘म्हणजे तेल थेंबाने येत नाही, वाफेसारखं येतंय.’ ताई त्या दिवशी पेढा न घेता घरी गेली.

शेवटी शकीलभाईंनी कंप्रेसर खोलला. एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडला, रिंगा काढल्या, उजेडात धरल्या. त्या नव्या कोऱ्यासारख्या होत्या. शकीलभाईंना हा स्वतःचा अपमान वाटला. त्या परत वर्तमानपत्रावर ठेवत ते म्हणाले, ‘रिंगा चांगल्या असून तेल टाकते म्हणजे या मशीनची नियतच खराब आहे.’ साडूंनी मात्र आनंदाने माझा हात दाबला. बिघाड अजून शिल्लक होता.

आणि मग तो रविवार आला. शकीलभाईंनी सगळं परत जोडलं, तेवढ्यात चहा आला. चहाच्या नादात हवा आत ओढणारा पाइप, ज्याच्या तोंडाला ती सगळी फडकी बांधलेली होती, जोडायचा राहून गेला आणि बॉनेटखाली तसाच लोंबत राहिला. साडूंनी जीप सुरू केली. मी सवयीने रुमाल धरला. काढून बघतो तर कोरा. मी उलटून पाहिला, परत धरला. परत कोरा. ‘साडूभाऊ,’ मी म्हणालो, ‘यावर काहीच नाही.’

साडू गाडीतून उतरले ते जवळजवळ धावतच. त्यांनी रुमाल डोळ्यांपाशी नेला, वास घेतला, मग बॉनेटखाली डोकं घातलं आणि त्यांना तो लोंबणारा पाइप दिसला. त्यांनी पाइप जोडला. ठिपका आला. पाइप काढला. ठिपका गेला. जोडला, काढला, जोडला, काढला. शेवटी ते बॉनेटला टेकून हसायला लागले, चष्मा काढून डोळे पुसायला लागले. ‘मास्तर, मी त्याचं नाक दाबून धरलं होतं हो. वरून हवा मिळेना म्हणून बिचारा खालून ओढत होता, आणि खाली सगळं तेल. मी जितकी जास्त काळजी घेतली तितका त्याचा जीव घुसमटला.’ शकीलभाईही हसले आणि रिंगांबद्दल आपण काही बोललोच नव्हतो अशा थाटात म्हणाले, ‘मला पहिल्यापासूनच वाटत होतं.’ साडूंनी सगळी फडकी सोडून फेकली, फक्त एक पातळ जाळी ठेवली. पाइप जोडून परत रुमाल धरला. कोरा. मला कंप्रेसरमधलं काही कळत नाही, पण त्या क्षणी मलाही नाचावंसं वाटलं.

साडू कोरा रुमाल दोन्ही हातांत धरून जिने चढले, लिफ्टची वाट न बघता. मी मागोमाग. ताई मेथी निवडत बसली होती. त्यांनी रुमाल तिच्यासमोर धरला आणि एका दमात नाक, फडकी, वरून, खालून सगळं सांगितलं. ताईने रुमाल हातात घेतला, नीट पाहिला आणि म्हणाली, ‘चांगलं झालं. आता मी विचारू?’

‘विचार ना,’ साडू खूश होऊन म्हणाले.

‘हा पंप का लावला?’

‘टायरमध्ये हवा भरायला.’

‘हवा का भरायला लागते?’

‘चिखलात शिरताना कमी करतो म्हणून.’

‘चिखलात का शिरायचं?’

‘अगं, आतल्या रस्त्यांनी जायला. धरणाच्या कडेला, जिथे कोणी नसतं.’

‘जिथे कोणी नसतं तिथे का जायचं?’

‘निवांत बसायला. आपल्या दोघांना.’

‘मग दर रविवारी मी इथे वर का बसलेली असते?’

आयुष्यभर साडूंनी दुसऱ्यांना पाचव्या प्रश्नापर्यंत नेलं होतं, तिथे स्वतः कधी उभे राहिले नव्हते. मला वाटलं आपण हळूच खाली जावं, पण उत्तर मलाही ऐकायचं होतं. शेवटी ते म्हणाले, ‘अगं, पण हे सगळं तुझ्यासाठीच चाललं होतं.’

‘माहीत आहे मला,’ ताई म्हणाली. ‘म्हणून तर इतके दिवस गप्प बसले.’

‘मी आजच एसी परत बसवायला सांगतो. शकीलभाई खालीच आहेत.’

‘परत खोलणार? म्हणजे पुढचे सगळे रविवार गेले.’ ताईने मेथीची जुडी बाजूला ठेवली. ‘काच उघडते ना गाडीची?’

‘उघडते.’

‘मग चला.’

‘आत्ता? थांब, टायर तेवढे तपासून…’

‘अहो,’ ताई म्हणाली.

ताईने डोक्याला स्कार्फ बांधला, पाण्याची बाटली घेतली आणि चपला घालून दाराशी उभी राहिली. खाली शकीलभाईंनी तिला येताना पाहिलं आणि पुढच्या सीटवर पसरलेले नट-बोल्टचे पाने भराभर गोळा करून सीट पुसून दिली. टायर न तपासता, बॉनेटकडे ढुंकूनही न बघता साडूंनी गाडी काढली. फाटकातून बाहेर पडताना ताई काच खाली करत होती. आम्ही दोघं हातात तेलकट फडकी घेऊन बघत राहिलो. ‘माझी बायको मी दुरुस्त केलेल्या एकाही गाडीत बसली नाय, सर,’ शकीलभाई म्हणाले. ‘सगळ्या दुसऱ्यांच्या.’ मग आम्ही उरलेला चहा प्यायलो, तो गार झाला होता.

पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा स्कूटर काढून पिंपळे सौदागरला गेलो. जीपची जागा रिकामी होती. वॉचमन म्हणाला, ‘साहेब आणि मॅडम सकाळीच गेले.’ त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मला आनंद झाला होता, हे अगदी खरं. ताई गाडीतून हिंडतेय, परत आल्यावर माझ्या बायकोला फोन करून तासभर बोलतेय, याहून चांगलं काय असणार? पण माणूस इतके रविवार एका ठिकाणी जाऊन रुमाल धरत आला की हात आपले उगाचच रिकामे वाटतात.

तिथेच पार्किंगमध्ये उभं राहून मी साडूंना फोन लावला. मागे वारा होता, बहुतेक पाण्याच्या कडेला बसले असावेत. ‘मास्तर, पंप एकदम बरा आहे हो,’ ते म्हणाले. मागून ताईचा आवाज आला, ‘कोण आहे?’ साडू म्हणाले, ‘मास्तर.’ मग मला विचारलं, ‘बोला, का फोन केला होता?’

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘सहज.’

त्यांनी पुढचा ‘का’ विचारला नाही. विचारला असता तर सांगितलं असतं की फार आठवण येते तुमची. पण आपण होऊन असं कोणी साडूला सांगतं का?